थकलेल्या अश्वाचे घर : मुंबईच्या जीवदयेच्या इतिहासातील एक अपुरे पान

तिसरे तीर्थंकर श्री संभवनाथ भगवान यांच्या प्रतिमेखाली अश्वाचे लांछन कोरलेले असते. दर्शनार्थी त्याला नित्य पाहतात व त्यावरून प्रतिमा ओळखतात. त्याच मंदिराच्या प्रवेशद्वाराशी, तपस्वींच्या पारण्याच्या किंवा दीक्षार्थीच्या वरघोड्याच्या दिवशी, रथाला जुंपलेले जिवंत घोडेही उभे असतात. त्यांच्या कपाळावर तुरे असतात, पाठीवर जरीची झूल असते. मिरवणूक आटोपली की तुरे उतरतात, झुलीची घडी होते, ठरलेले भाडे चुकते होते आणि घोडे आपल्या तबेल्याकडे परततात. काही वर्षांनी त्यांतील एखादा घोडा येईनासा होतो व त्याच्या जागी दुसरा येतो. पहिला कोठे गेला, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही.

थकलेल्या घोड्याने अथवा तट्टूने उरलेले आयुष्य कोठे काढावे, हा प्रश्न वरकरणी लहान दिसतो. परंतु मुंबईच्या जीवदयेच्या एकशे नव्वद वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात तो वारंवार उभा राहिला आहे. या इतिहासात जैन समाजाचा वाटा मोठा आहे आणि म्हणूनच त्यातील उणीवही समाजाने स्वतःची म्हणून पाहणे उचित ठरेल.

पाच अतिचार आणि भरूचचा अश्व

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे जे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत, ते बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे होत. ही यादी गृहस्थासाठी आहे, आणि ज्या गृहस्थाच्या दारी जनावर बांधलेले आहे त्याला तर ती विशेष लागू पडते. प्रमाणाबाहेर ओझे लादणे हा चौथा अतिचार सर्वांना चटकन उमगतो, कारण तो रस्त्यात दिसतो. पाचवा मात्र तबेल्याच्या अंधारात घडतो. जनावराचे काम थांबले त्या दिवशी त्याची चंदी थांबविणे, पुढे गवतही कमी करीत जाणे, हाही अन्नपाननिरोधच होय. वार्धक्यातील घोड्याच्या वाट्याला बहुधा हाच अतिचार येतो.

वीसावे तीर्थंकर श्री मुनिसुव्रतस्वामी यांच्या चरित्रात अश्वावबोधाची कथा येते. यज्ञात बळी जाणार असलेल्या एका अश्वाला बोध करण्यासाठी भगवान भरूच नगरीत आले आणि तो जीव तरला, असे परंपरा सांगते. त्या स्थानाला अश्वावबोध तीर्थ हे नाव लाभले व अबूच्या मंदिरातील शिल्पपटातही हा प्रसंग कोरला गेला. गुजरातच्या ज्या किनारपट्टीवर ही कथा रुजली, त्याच पट्टीत पुढे जनावरांच्या आश्रयस्थानांची परंपरा बहरली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

इ. स. १६८९ मध्ये जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस आला. तेथील वाणी समाजाने चालविलेल्या जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. गायी, घोडे, शेळ्या, कुत्री असे आजारी, लंगडे वा म्हातारे झालेले जीव तेथे ठेवले जात. बैल कष्टाने निकामी झाला की धनी त्याला मारून टाकण्याचा मोह धरील, या भीतीने वाणी व्यापारी तो बैल धन्याकडून मागून घेत, नाही तर चालू भावाने विकत घेत आणि आश्रयस्थानात आणून सोडीत, असेही तो नमूद करतो. मालक क्रूर आहे असे गृहीत न धरता, त्याच्यापुढील आर्थिक मोह ओळखून तो मोह पैसे देऊन दूर करण्याची ही रीत होती. व्यापारी माणसाला सुचलेली ही जीवदया होती.

१८३४ : भुलेश्वरची पांजरापोळ

मुंबईत या परंपरेला संस्थेचे रूप आले ते एका दंगलीनंतर. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये शहरात मोठा क्षोभ उसळला. पारशी समाज त्यात अग्रभागी होता आणि बाजार बंद पडले. या प्रकरणातून मार्ग काढताना दोन धनिक व्यापारी पुढे आले. एक शेठ जमशेदजी जीजीभाई आणि दुसरे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजाला भायखळ्याच्या श्री आदीश्वर मंदिरामुळे व पालिताण्याच्या टुंकेमुळे परिचित असलेले मोतीशा शेठ. दोघेही चीनच्या व्यापारातले, दोघांची जहाजे समुद्रावर. त्यांच्या पुढाकाराने ऑक्टोबर १८३४ मध्ये मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वरच्या गजबजाटात ती आजही उभी आहे.

या संस्थेच्या उभारणीतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे तिचा उत्पन्नाचा मार्ग. देणग्या तर मिळाल्याच. परंतु व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ‘लागा’ बसवून घेतला. कापूस, साखर यांसारख्या मालाच्या व्यवहारामागे ठरावीक लहानशी रक्कम पांजरापोळीच्या खाती जमा होऊ लागली. जनावर रोज खाते, म्हणून त्याच्यासाठी येणारा पैसाही रोज यावा, हे तत्त्व त्या काळच्या महाजनांनी ओळखले होते. एकाच दिवशी आलेली मोठी देणगी वाडा बांधू शकते, पण सातव्या वर्षीचे गवत ती आणीलच असे नाही.

घोड्यांचे शहर

पुढील काळात मुंबई घोड्यांचे शहर झाली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. स्टर्न्स आणि किट्रिज या कंपनीच्या पदरी त्यासाठी नऊशे घोडे होते. १ ऑगस्ट १९०५ रोजी घोड्यांची ट्राम शेवटची धावली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. नऊशे पाठींनी तीस वर्षे ओढलेल्या त्या गाड्यांचे दिनांक शहराने जपले. त्या पाठींची आठवण ठेवणारे स्मारक मात्र शहराला उभारावेसे वाटले नाही.

ट्रामच्याच वर्षी, १८७४ मध्ये, मुंबईत प्राण्यांना क्रौर्यापासून वाचविणारी संस्था स्थापन झाली. पाठोपाठ परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून, त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय जनावरांसाठी उभे राहिले. त्याच्या सान्निध्यात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जखमी खांद्याचा बैल व लंगडणारा घोडा आता वैद्याच्या हाती जाऊ लागला. तरीही रुग्णालय आणि घर यांत अंतर आहे. रुग्णालयात बरे होऊन बाहेर पडायचे असते. वार्धक्यातून कोणी बरा होऊन बाहेर पडत नाही.

याच सुमारास इंग्लंडातही हा विचार जागा झाला होता. अ‍ॅना सेवेल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका हातातून दुसऱ्या हाती विकला जाणारा घोडा शेवटी शांत घरी पोहोचतो, ही तिची कथा. १८८६ मध्ये अ‍ॅन लिंडो यांनी लंडनच्या कष्टकरी घोड्यांसाठी विश्रामगृह सुरू केले. भुलेश्वरची पांजरापोळ त्यापूर्वी बावन्न वर्षे चालू होती, याचा सार्थ अभिमान मुंबईकरांनी बाळगावा.

कैरोची हकीगत मात्र अधिक विचार करावयास लावणारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले घोडे ईजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० मध्ये तेथे गेलेल्या डोरोथी ब्रुक यांना ते हाडांचे सापळे होऊन गाड्या ओढताना आढळले. त्यांनी वृत्तपत्रातून आवाहन करून निधी जमविला, सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले व १९३४ मध्ये रुग्णालय स्थापिले. त्यांतील बहुसंख्य घोडे इतके जर्जर होते की, काही दिवस पोटभर खाऊ घालून, विश्रांती देऊन त्यांना वेदनारहित मृत्यू देण्यात आला. त्या बाईंच्या करुणेविषयी शंका घेता येणार नाही. पण जैन दृष्टीला हा मार्ग मानवत नाही. मानवत नाही, म्हणूनच जैन समाजावरील भार वाढतो. ज्याने मृत्यूचा मार्ग नाकारला, त्याने त्या जीवाच्या अखेरच्या श्वासापर्यंतचा खर्च, जागा आणि सेवा स्वीकारलेली असते. अहिंसेची ही बाजू उच्चारायला सोपी व निभवायला कठीण आहे.

उपनगरांतील टांगे, म्हशी आणि घोडे

अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही एके काळी साष्टीतील गावे होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द वाढली व १९५७ मध्ये ती मुलुंड-दहिसरपर्यंत पोहोचली. स्टेशनाबाहेर घोडागाडी उभी असण्याचा तो काळ. पुढे बस आली, रिक्षा आली आणि टांग्याचा अड्डा मोडला. नालबंदाचे दुकान, तोबरा शिवणारा, गवताची पेंढी विकणारा, हे सारे हळूहळू दिसेनासे झाले. उरले ते किनाऱ्यावर मुलांना फेरी मारणारे तट्टू आणि लग्नाची घोडी.

शहरातील जनावराला नवे घर देण्याचा एक भव्य प्रयोग याच उपनगरांत झाला आहे. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावची आरे दुग्ध वसाहत आकाराला आली. शहराच्या दाटीतील तबेल्यांमधल्या म्हशी तेथे हलविण्यात आल्या. जमीन मिळाली, गोठे बांधले गेले, चारा-पाण्याची सोय झाली. यावरून जनावरांचे स्थलांतर अशक्य नाही, हे सिद्ध होते. मात्र म्हैस दूध देत होती आणि शहराला दूध हवे होते. म्हाताऱ्या घोड्याकडे देण्यासारखे काही उरलेले नसते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण माणसांविषयीची असली, तरी ती सर्वाधिक अनुभवाला येते मुक्या जनावरांना.

८ जून २०१५

दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी निर्णय दिला. न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने केवळ हौसेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या एका वर्षात बंद करण्यास सांगितले. गाडीवानांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा विचार करण्याचे दायित्व शासनावर सोपविले गेले. प्राणिमित्र संस्थांनी दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या धुरात, अपुऱ्या जागेच्या तबेल्यांत राहणाऱ्या घोड्यांची स्थिती पाहता हा निर्णय आवश्यकच होता. २०२१ मध्ये घोड्यावाचून, विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या.

परंतु परवाना संपला तरी घोडा संपत नाही. तो मालकाची मालमत्ता राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चंदी लागतेच. तरुण घोड्याला गिऱ्हाईक मिळते. तो वरातीत जातो किंवा दुसऱ्या गावी गाडीला जुंपला जातो. म्हाताऱ्याला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि मिळाले तर त्या गिऱ्हाइकाचा हेतू तपासावा लागतो. कायद्यात याची काही तरतूद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार वयामुळे वा आजारामुळे काम करण्यास असमर्थ असलेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. कलम ३५ नुसार दंडाधिकारी अशा जनावराची रवानगी पांजरापोळीत करू शकतात. कायद्याचे बोट येथे पुन्हा पांजरापोळीकडेच वळते, म्हणजे समाजाकडे वळते.

महाराष्ट्रातील हा प्रश्न मुंबईपुरता नाही. माथेरानात चारशेहून अधिक परवानाधारक घोडे प्रवासी व माल वाहतात. तेथे डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. वाहन बदलेल तसा तेथील वृद्ध घोड्यांचा प्रश्नही अधिक ठळक होईल. आशादायक उदाहरणेही आहेत. ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून सांगली परिसरात कष्टकरी बैल, घोडे, गाढवे यांच्यावर उपचार करते व थकलेल्या जनावरांना आश्रय देते.

घोडा म्हणजे गाय नव्हे

पांजरापोळ व गोशाळा यांची घडी गोवंशाला अनुसरून बसलेली असते. तेथे म्हातारे तट्टू नेऊन सोडले की कर्तव्य संपले असे मानणाऱ्याने काही गोष्टी समजून घेणे हिताचे आहे.

गाय रवंथ करते, घोडा करीत नाही. त्याला एकच जठर असते व उलटी करून पोट हलके करण्याची शक्ती त्याच्यात नसते. म्हणून अयोग्य खाण्याने होणारा पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. सणावाराला भाविक मंडळी गायींना लापशी, गूळ, पोळ्या खाऊ घालतात. तोच घास भक्तिभावाने तट्टूच्या पुढे केला तर खुरांना सूज येऊन ते कायमचे लंगडे होण्याचे भय असते. वयाबरोबर त्याच्या दाढा झिजून वाकड्या होतात, अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तोंडातून गळून पडतात आणि समोर चारा असूनही जनावर वाळत जाते. डोळ्यांवर खळगे पडतात, पाठ खचते. अशा वेळी दाढा घासून घेणे, मऊ चारा व भिजविलेला कोंडा देणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. नाल ठोकायची नसली तरी दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात. दाव्याला जखडून ठेवणे त्याला सोसत नाही. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर घराघरांत ठाऊक आहे. फिरविणे राहिले की तिन्ही बिघडतात. शिवाय घोडा कळपाचा जीव आहे. सजातीय सोबती नसेल तर भरल्या गव्हाणीपाशीही तो खंगतो.

आता हिशोब मांडून पाहावा. तट्टू नीट सांभाळले तर पंचवीस-तीस वर्षे जगते. समजा, अठराव्या वर्षी त्याचे काम थांबले आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. मध्ये नऊ वर्षे उरतात. दोनशे किलो वजनाच्या तट्टूला रोज तीन ते चार किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे दहा ते तेरा टन. खूर छाटण्याच्या साठ ते पंचाहत्तर फेऱ्या. त्याशिवाय मोतद्दाराचा पगार, जंताचे औषध, धनुर्वाताची लस, पावसाळ्यातील कोरडी जागा. नऊ वर्षांचे महिने होतात एकशे आठ. नवकारवालीचे मणीही तेवढेच. एका तट्टूला घर देणे म्हणजे एकशे आठ महिन्यांची माळ एकही मणी न गाळता ओढणे होय.

म्हणूनच जनावर कोणाच्या हाती सोपविताना काही चौकशी अगत्याची आहे. त्या ठिकाणी आधीपासून घोडे आहेत काय? खूर व दात पाहणारा जाणकार येतो काय? मोकळे फिरण्यास जागा आहे काय? पुढे ते जनावर विकले वा कामाला लावले जाणार नाही, असे लेखी मिळेल काय? वाटेत नेताना पशुवैद्याने तपासून दिलेला दाखला आहे काय? आणि सहा महिन्यांनी कोणी जाऊन त्याला पाहून येणार आहे काय? जेथे जुना धनी प्रेमळ आहे, केवळ खर्चापुढे हतबल आहे, तेथे तट्टूला हलविण्याऐवजी त्याच तबेल्यात ठेवून दरमहा चंदी पोहोचविणे अनेकदा अधिक हितकर ठरते. वृद्ध जनावराला ओळखीचा हात व ओळखीचा सोबती हेच मोठे औषध असते. सुरतेच्या व्यापाऱ्यांनी मालकाचा मोह पैसे देऊन दूर केला, त्याचीच ही आजची रीत ठरेल.

वरघोड्याचे ऋण

प्रत्येक जैन संस्थेत कायमी तिथीची वही असते. आई-वडिलांच्या स्मरणार्थ, एखाद्याच्या वर्षीतपाच्या अनुमोदनार्थ रक्कम ठेवली जाते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशीची पूजा, आयंबिल वा साधर्मिक भक्ती घडते. पन्नास वर्षे चाललेली कोणतीही संस्था जाणते की, उद्घाटनाच्या दिवसाचा उत्साह नव्हे, तर या वहीतील शाई संस्थेला तारते. मोतीशा शेठ आणि त्यांचे सहकारी यांनी मालावर लागा बसविला, त्यामागे हीच जाण होती.

उपनगरांतील संघांकडून वर्षाकाठी अनेक वरघोडे निघतात. त्या प्रत्येक वरघोड्याच्या खर्चात बँडच्या, फुलांच्या व रथाच्या रकमेबरोबर ‘अश्वसेवा’ या नावाची एक लहानशी ओळ घातली, तर आधुनिक काळातील लागा सुरू होईल. त्यातून साऱ्या महाराष्ट्रातील घोड्यांचे वार्धक्य सुखाचे होणार नाही. पण ज्या अश्वाने तपस्वींचा रथ ओढला, त्या एका अश्वाच्या गव्हाणीत त्याच्या एकशे आठाव्या महिन्यापर्यंत गवत पडत राहील. वरघोडा या शब्दातच घोडा आहे. त्याचे ऋण फेडण्याची सुरुवात, पुढच्या मिरवणुकीच्या दिवशी घोडेवाल्याजवळ थांबून ‘मागच्या वर्षीचा तो पांढरा घोडा कोठे आहे?’ एवढे विचारण्यापासूनही होऊ शकते.

जय जिनेंद्र.